दिल्लीत मेलेली संयू

म्हसवड, ५ डिसेंबर

यशदादा,

संयू जित्ती हाय. आदी एवढं वाच, मग बाकीचं. आत्ता मी मांडीवर कागूद घिऊन ल्हितीया आन ती पाठीमागनं येनी वडतीया. तुझ्या साहेबानं दिल्लीत उभं ऱ्हाऊन ती मेली म्हनून सांगितलं, पन ती मेलेली न्हाई. सकाळी दूध-भाकरी खाल्ली, मी जिच्याकडं ऱ्हाते त्या शालूआत्तीचे नारळ गडगडत रस्त्यावर सोडले, त्यापायी धपाटा बी खाल्ला.

तीन वर्सं झाली तू माझ्यासंगं बोलत न्हाईस. लगीन ठरलं तवा म्हनला हुतास, ते घर आपल्या साहेबाच्या इरोधातलं, तिथं गेलीस तर मला भाऊ हाय म्हनून कुनाला सांगू नगंस. मी सांगत न्हाई. आताबी नातं लावायला ल्हीत न्हाई, इचारायला ल्हितीया. तुला ठावं हुतं का न्हवतं?

फोन केला असता, पन माझा नंबर तू बंद केल्यास आन माझा फोन बिरदेवनं नेलाय. बिरदेव म्हंजे तुझ्या साहेबाचा आमच्या तालुक्यातला मानूस, बोलेरो घिऊन फिरतो त्यो. म्हनला, "वहिनी, ह्यात पोरीचे फोटो हायत. कुनाच्या हाताला लागले तर घोळ हुईल. माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." मी सातवी शिकल्याली, अक्षर वाकडं असंल, सांबाळून घे.

कसं झालं ते सगळं ल्हिते, म्हंजे तुला मला ठावं न्हवतं म्हनायला जागा ऱ्हानार न्हाई.

आमची वस्ती कडेगावच्या भाईर मळ्यात. तिन्ही बाजूनं ऊस. तोडनी सुरू झाली की उसातली वाघरं उघडी पडत्यात आन घराकडं सरकत्यात. मागच्या शनवारी दिवस मावळाय्ला बिबट्या अंगनात आला. संयू उंबऱ्यावर वाटी घिऊन बसली हुती. कुत्रं तिच्याम्होरंच बांधलं हुतं. त्येनं कुत्रं नेलं, साखळीसकट. मी चुलीपशी हुते. मी उठून उंबऱ्यावर येस्तोवर अंगन मोकळं. संयू म्हनली, "मोती गेला." आन वाटीतलं खात बसली.

त्येच्यावर सोमवार. सकाळी ती भाकरीचा तुकडा घिऊन अंगनात उभी, आन कावळा खाली आला, डोक्यावर पंजं मारून गेला. आत्याबाई, म्हंजे माझी सासू मनुबाई, ती मटकन खालीच बसली. म्हनली, "परवा वाघरू, आज कावळा. पोरीमागं कायतरी लागलंय. मेल्याचा सांगावा धाडायला पायजे."

दिल्लीत ऱ्हाऊन तू इसारला असशील म्हनून सांगते. कावळा डोक्याला शिवला की मानूस मेलं म्हनून सोयऱ्यात कळवायचं. तिकडं खरी रडारड झाली की दोष उतारला. मग थोड्या येळानं सांगायचं, खोटं हुतं, मानूस धडधाकट हाय. आपल्या आज्जीनं नानामामाचा असाच सांगावा धाडला हुता, तू कोपऱ्यात बसून नाक पुसत हुतास.

आत्याबाईनं आईला वडूजला फोन लावला. "ईहीनबाई, संयू गेली ओ." मला ऐकवंना, मी गोठ्यात गेले. मग जरा येळानं परत फोन, कावळा शिवला हुता, पोरगी खेळतीया. आईनं शिव्या दिल्या, हासली, परत रडली. मिटलं.

आन मंगळवारी दुपारी अर्जुना आला. अर्जुना माझा चुलत दीर, शाळंत मास्तर हाय, आमच्या गटाचं सगळं त्योच बगतो. फोन नाचवत म्हनला, "वहिनी, तुमची पोरगी मेली म्हनं."

फोनात तुझा साहेब. खासदार आप्पासो. शून्याचा का कसला तास असतोय म्हनं, त्यात परतेकाला जरा जरा बोलू देत्यात. साहेब म्हनत हुता, "अध्यक्ष महोदय, आमच्या भागात शेतीला रात्रीची वीज देतात. शेतकरी अंधारात उसाला पाणी पाजतो आणि शेजारी बिबट्या असतो. कालच कडेगाव तालुक्यातल्या दोन वर्षांच्या संयोगिताला बिबट्यानं नेलं." तवा संयू अर्जुनाच्या मांडीवर बसूनच बगत हुती. सोताचं नाव आलं तशी हासली.

माझ्या पोरीचं नाव दिल्लीला कुनी नेलं? आमच्या सगळ्या सोयऱ्यात दिल्लीत बसल्यालं येकच मानूस हाय.

त्याच सांजंला बिरदेव आला. म्हनला, "अधिवेशन संपंस्तोवर पोरीला घिऊन भाईर ऱ्हावा. बोभाटा झाला तर पैला गुन्हा तुमच्या सासूवर. जित्त्या पोरीला मेली म्हनून फोन त्यांनी केलाय." आत्याबाईचं तोंड पांढरं पडलं. तुझ्या दाज्याला तू दाजी म्हनत न्हाईस, तरी सांगते, मानूस चांगला हाय, पन बोलायच्या येळंला गप बसतो. गपच बसला. बिरदेवनं मला बोलेरोत घालून हितं म्हसवडात आनलं, सोताच्या आत्तीकडं. शालूआत्ती सिद्धनाथाच्या देवळाम्होरं नारळ-गुलाल इकती. जत्रंतल्या रथाची गर्दी उलगडली, आता गिऱ्हाईक थोडं, म्हनून दिसभर माझ्यावर नजर ठिवायला तिला येळ हाय. ती नजर ठिवती का मला सांबाळती, अजून कळलं न्हाई.

तुला ठावं हुतं का न्हवतं, एवढंच ल्हिऊन धाड.

क्रांती

•

म्हसवड, ८ डिसेंबर

यशदादा,

उत्तर न्हाई. म्हंजे पत्र पोचलं न्हाई, न्हाईतर पोचलं. दुसरं असंल तर लय वाईट.

हितं संयूला पिंकी म्हनायचं ठरलंय. शालूआत्तीनं आळीत सांगितलं, भाच्याची मेव्हनी आलीया पोर घिऊन, पोरीचं नाव पिंकी. काल येक म्हातारी नारळ घ्यायला आली. म्हनली, "काय गं, नाव काय तुझं?" पोरगी म्हनली, "संयू." शालूआत्ती म्हनली, "पिंकी म्हन." ती म्हनली, "पिंकी न्हाई. संयू." म्हातारी गेल्यावर आत्ती मला म्हनली, "तुझ्या पोरीला खोटं बोलता येत न्हाई. सासरी लय हाल हुतील हिचं."

मला हासू आलं न्हाई. म्हातारी परत वळून बगत हुती.

परवा तुझे दाजी आले. मला वाटलं न्ह्यायलाच आले. मी पिशवी भरली. तर खाटंवर बसले आन म्हनले, "दिवसाची लाईट आली."

मी म्हनलं, "कवा?"

"शुक्रवारपासनं. सकाळी येती, दिवस मावळाय्ला जाती. काल सगळा खालचा पट्टा भिजवला, उन्हात. रातीला झोपलो, क्रांते. पैल्यांदा हिवाळ्यात रातचा झोपलो."

तुला शेतातलं ठावं हाय, तरी सांगते. रातची लाईट म्हंजे मानूस गुडघाभर पान्यात उभं ऱ्हाऊन दारं धरतंय, ह्या सरीचं पानी त्या सरीत वळवतंय, आन मागं ऊस कशानं हाललं ते कळत न्हाई. दोन वर्सं मी असंच दार लावून जागी बसलीया. त्यो भाईरनं खोकला की मी श्वास सोडायची. म्हनून त्यो झोपलो म्हनला तवा मला बरंच वाटलं. मग वाटलं, कशापायी आली ही लाईट.

मी म्हनलं, "आन पोरीचं काय सांगता लोकास्नी?"

"लोकं भेटायला येत्यात. मी गप बसतो. त्यास्नी वाटतं दुखानं बसलोय. दोन पिंजरं लावल्यात. वनखात्याचा साहेब सोता उसात शिरला. आजवर अर्ज केले तवा म्हनायचे, कोल्हा असंल."

"म्हंजे पोरगी मेली तवा लाईट आली."

त्यो खाली बगत हुता. म्हनला, "तसं नगं म्हनू." पन दुसरं कसं म्हनायचं, ते त्येनं सांगितलं न्हाई. जाताना पोरीला उचलून घेतली, खाली ठिवंना. मी पिशवी परत सोडली.

अजून येक बोलला त्यो. कडेगावच्या चौकात संयूचा फ्लेक्स लावलाय. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली तुझ्या साहेबाचा हात जोडल्याला फोटो, पोरीपेक्षा मोठा. आन पोरीचा कंचा फोटो, तर पिवळ्या झबल्यातला, पैल्या वाढदिवसाचा. दादा, त्यो फोटो मी कुनाला दिला न्हाई. फकस्त आईला धाडला हुता. बिरदेवनं माझा फोन नेला त्येच्या आदीच फ्लेक्स छापायला गेला हुता म्हनं.

म्हंजे तूच. आता मला इचारायचं बी ऱ्हायलं न्हाई. पोरीच्या बारशाला आला न्हाईस, मेलेली दाखवायला तिचा फोटो बरा घावला तुला.

क्रांती

•

म्हसवड, ११ डिसेंबर

यशदादा,

काल अर्जुनानं हुडकून काढलं. कुनी सांगितलं इचारलं तर हासला. मला ती म्हातारी आठवली. का शालूआत्तीच? का तुझे दाजी? आता मी भाकरी खाताना बी इचार करते कुनी थापली.

अर्जुना म्हनला, "वहिनी, दिल्लीत मंत्र्यानं उत्तर दिलंय, असा मृत्यू झाल्याची नोंद न्हाई. आप्पासो उघडा पडला. तुमी फकस्त पोरीला कडंवर घिऊन क्यामेऱ्याम्होरं उभं ऱ्हायचं. बाकीचं मी बोलतो."

मी म्हनलं, "आन दिवसाची लाईट?"

"ती जाईल की. खोट्यावर आल्याली लाईट."

"भावजी, तुमी मास्तर. तुमी कुठं रातचं दारं धरायला जाता."

त्येला राग आला. म्हनला, "तुमाला भावाच्या साहेबाचा पुळका आलाय. घर कुनाचं हाय ते इसरू नगा." चप्पल घालता घालता संयूचा फोटो काढाय्ला गेला, शालूआत्ती मधी उभी ऱ्हायली. "माझ्या दारात नारळाचा फोटो काढ, पायजे तेवढं," म्हनली. तवा मला कळलं ती कुनाकडनं हाय. न्हाई, कळलं न्हाई, पन रातीला तिच्या शेजारी झोपले.

आन आज बिरदेव. अर्जुना आला हुता ते त्येला आदीच ठावं. म्हनला, "हितं धोका हाय. तुमाला महाबळेश्वरला ठिवतो. साहेबांच्या वळखीचं हाटेल हाय. पोरीला स्ट्रॉबेरी खाऊ घाला, थंडीचं बरं वाटंल."

"किती दिस?"

"बगू."

"उद्या सरकारनं मयत पोरीची मदत म्हनून कायतरी आमच्या दारात आनलं तर? आमी ती घ्यायची?"

"नगं म्हनता यायचं न्हाई वहिनी. नगं म्हनलं की इचारतील का नगं."

"मग माझी पोरगी परत कवा जित्ती हुनार?"

त्येनं मान खाजवली आन फोन बगत बसला. दादा, त्येच्याकडं उत्तर असतं तर मी एवढी भ्याले नसते.

मी काय इचार करते सांगू का? दिल्लीत मेली, फ्लेक्सवर मेली, गावानं दुखवटा पाळला. आता कागदावर मेली की शाळंत नाव घालताना काय सांगू? त्ये बी ऱ्हाऊ दे. जित्ती ऱ्हायली तर ह्येचा साहेब खोटा पडतो. मेलेलीच ऱ्हायली तर समद्यांचं भागतं. असं जिच्या मरन्यानं भागतंय, त्या पोरीला घिऊन मी अनोळखी हाटेलात जाऊ? बिरदेवनं पेढं आनलं हुतं. त्यो गेल्यावर मी उकिरड्यावर टाकलं. कोंबड्यांनी खाल्लं. कोंबड्या ठीक हायत. तरी मी पोरीला आता कुनाच्या हातचं खाऊ देत न्हाई, आन झोपताना तिचा हात माझ्या पदराला गाठ मारून ठिवते. शालूआत्ती म्हनती येडी झालीस. हुईन बी.

बिरदेव जाताना काय म्हनला आयक. "साहेबांना तुमच्या भावानंच सांगितलं. रडून सांगितलं म्हनं. आता बोभाटा झाला तर साहेब त्येच्यावर ढकलतील, यशराजला घरी बसावं लागंल. इचार करा." 

रडून सांगितलं. तू नाटक बी शिकलास व्हय? का ह्यो बिरदेवच मला पाघळवायला सांगतोय? तुमा दोघातलं कोन खोटं हाय तेवढं तरी सांग.

मी महाबळेश्वरला गेले न्हाई. पोरीला जुलाब लागल्यात म्हनून सांगितलं. परवा परत येनार हाय त्यो.

क्रांती

•

म्हसवड, १३ डिसेंबर

दादा,

आज आई आली. वडूजवरनं यष्टीनं, पिशवीत संयूसाठनं शेंगा आन तुझ्यासाठनं शिव्या घिऊन. मी तिला बी पैल्यांदा दार उघडलं न्हाई. "मला बी का?" म्हनली. मग उघडलं.

तिनं पोरीला पोटाशी धरली आन मग सगळं सांगितलं. तुझ्याकडनं ऐकायचं ते मला तिच्याकडनं ऐकायला लागलं.

ती म्हनली, "तुझ्या सासूचा सांगावा आला तसा मी यशला फोन केला. मला तरी कुठं ठावं खोटं हाय. म्हनलं, यश, संयू गेली रं. त्यो काय बोललाच न्हाई. मग तुझ्या सासूनं खरं सांगितल्यावर मी परत त्येला लावला. म्हनलं, यश, संयूचं आयक... तर म्हनला, आई, तिचं नाव काढू नगंस. आन ठिवला. मला वाटलं जुनाच राग. तीन वर्सं मी त्येच्याम्होरं तुझं नाव गिळतीया, त्या दिशीबी गिळलं. मला काय ठावं त्यो तिकडं रडत हुता."

मी म्हनलं, मग बिबट्या कुठनं आला? तर शनवारचं कुत्र्याचं आईनंच तुला सांगितलं हुतं. लेकीच्या वस्तीवर म्हनून न्हवं, "कडेगावकडं" म्हनून, माझं नाव न घेता. तू मनानं जोडलंस. आन साहेबाला सकाळी बोलायचं हुतं.

आसं बग दादा. मेल्याचं सांगायला भांडन आडवं आलं न्हाई. जित्त्याचं सांगायला आलं.

फोटोचं बी आईनं सांगितलं. तिनंच तुला धाडला हुता, मागंच, मला न सांगता. तू त्यो मोबाईलच्या पाटीवर लावल्यास म्हनं. तिथनं साहेबाच्या हापिसातल्या पोरांनी मागून घेतला. मंगळवारी सांजंला बिरदेवनं तुला पोरगी जित्ती हाय म्हनून कळवलं, तवा तू आईला फोन करून परत परत त्येच इचारत हुतास, आई, खरंच जित्ती हाय? आन मग म्हनलास, आता क्रांतीला फोन कुठल्या तोंडानं करू.

आई तुझी बाजू घेनारच, तू ल्योक हाईस. निम्मं धरलं. पन निम्मं बी लय हाय. तू रडलास एवढं मला खरं वाटलं, कारन तू रडलास की फोन ठिवतोस, ल्हानपनी दार लावून घ्यायचास.

तरी मला तुझा राग हाय. आईचं आयकून साहेबाला सांगायच्या आदी येक फोन. मला न्हाई, तुझ्या दाज्याला तरी. त्येचं नाव तोंडात यायला नगं म्हनून माझी पोरगी मेली.

उद्या रविवार, दिल्लीला सुट्टी. साहेब आमच्या वस्तीवर दुखवट्याला येनार हाय. बिरदेवनं शालूआत्तीला सांगितलं, "उद्या ह्यास्नी दारातनं भाईर सोडू नगा." आत्तीनं व्हय व्हय म्हनलं आन मला सकाळची पैली यष्टी किती वाजता लागती ते सांगितलं.

पोरीला घिऊन जावं का न जावं, सगळी रात इचार करीन. तिला उचलून दाखवली की तिकडं तुझ्या दाज्याला परत अंधारात पान्यात उभं ऱ्हायचंय. न दाखवली तर पोरगी पिंकी. तू असतास तर काय केलं असतंस ते मला नगं. तू न इचारता केलंस त्याचंच हे.

क्रांती

•

कडेगाव, मळा, १६ डिसेंबर

दादा,

गेले. शालूआत्ती संगं आली, दुकान बंद करून.

फाट्यावर उतरून चालत आलो. रस्त्यानं मानसं बसल्याली उठली. येक बाई म्हनली, "अगं बया," आन पोरीच्या गालाला बोट लावून बघितलं. कुनी काय इचारलं न्हाई, मागनं चालाय लागली सगळी.

अंगनात सतरंजी घातल्याली. साहेब मधी, पांढऱ्या कापडात, मांडी घालून. लय थकल्याला वाटला, फ्लेक्सवर दिसतो तसा न्हाई. आत्याबाई पदर तोंडावर घिऊन रडत हुती, आन खोटं न्हवती रडत, पोलिसाला भिऊन रडत हुती. तुझे दाजी खाली बगत बसल्याले. मला बघून उठले. पोरगी "दादा" म्हनून बापाकडं पळाली.

साहेब म्हनला, "ही कोण?"

बिरदेव म्हनला, "पाव्हनी हाय साहेब, जवळची."

मी म्हनलं, "ही संयोगिता. तुमी दिल्लीत नाव घेतलं ती."

साहेबाला आदीपासनं ठावं हुतं का तिथंच कळलं, ते मला त्येच्या तोंडावरनं समजलं न्हाई. एवढं मोठं तोंड, पन काय दिसतच न्हाई त्यावर. आजूबाजूला बगाय लागला, कुनाला तरी हुडकाय्ला. म्हनला, "मला तर यशराजनं..."

तवा दादा, मला काय झालं ठावं न्हाई. मी भेत हुते. पन म्हनलं, "त्यो पोरीचा मामा हाय, त्येला मेली म्हनून सांगितलं, त्यो रडला. रडनाऱ्या मानसाला काय इचार असतो? तुमी खासदार. तुमी तालुक्याला येक फोन करायचा हुता."

अर्जुना फोन वर धरून म्होरं आला. मी म्हनलं, "भावजी, बाजूला व्हा. मी तुमच्यासाठनं बी आले न्हाई."

मग साहेबाला म्हनलं, "साहेब, माझी पोरगी जित्ती हाय. बिबट्या बी जित्ता हाय. तुमी परत दिल्लीत उभं ऱ्हावा आन दोनी सांगा."

आत्याबाई रडायची थांबली. साहेबानं गुडघ्यावर हात टेकून उठून पोरीकडं बघितलं, आन म्हनला, "सांगतो." एवढंच. च्या न घेता गेला. बिरदेवनं माझा फोन जाता जाता ओट्यावर ठिवला, माझ्याकडं न बगता.

सांगतो म्हनला तसं सांगितलं त्येनं. काल दुपारी सगळी वस्ती अर्जुनाच्या फोनाभवती. साहेब उभा ऱ्हायला. "दोन आठवड्यांपूर्वी मी या सभागृहाला दिलेली माहिती चुकीची होती. ती मुलगी जिवंत आहे. काल मी तिला माझ्या हातांनी उचलून घेतलं." उचललं न्हवतं, पन ऱ्हाऊ दे. मग आईच्या काळजाचं बोलला, कावळ्याचं बोलला, आमच्या भागातल्या साध्याभोळ्या लोकांचं बोलला. लय बोलला. शेवटाला म्हनला, "परंतु अध्यक्ष महोदय, बिबट्या..." आन माईक बंद झाला. येळ संपला. त्येचं तोंड हालत हुतं, आवाज न्हाई. दुसऱ्या कुन्या खासदाराचं रेल्वेचं सुरू झालं.

मी अजून इचार करतीया, येळ खरंच संपला का त्येनंच कावळ्यावर घालवला. तुला ठावं असंल. तू त्येचं भाषान ल्हितोस म्हनं.

फ्लेक्स तुझ्या दाज्यानं सोता जाऊन काढला. पोरीला संगं नेलं हुतं, खांद्यावर. चौकात सगळ्यास्नी दाखवली, यष्टीतल्या मानसास्नी बी.

आज वायरमन सांगून गेला, परत रातची पाळी. पिंजरं सांजंला न्हेनार हायत. नळावर शेजारची म्हनली, "तुझी पोरगी आली, आमची दिवसाची लाईट गेली." मी काय बोलू? तिचा नवरा बी आज रातचा पान्यात उभा ऱ्हानार. घागर भरून आले.

आत्ता दिवस मावळतोय. तुझे दाजी बॅटरी चार्ज झाली का बगत्यात, वाजवायला डबा हुडकत्यात. संयू त्यांच्या मागनं फिरती, डबा तिनंच लपवलाय.

साहेबानं तुला ठिवलंय का काढलंय, मला ठावं न्हाई. ठिवलं असंल तर अधिवेशन संपायच्या आदी त्येला परत उभा कर, आन पैलं बिबट्याचंच बोलायला लाव. पोरीचं आता काय सांगायचं ऱ्हायलं न्हाई.

आन काढलं असंल तर इकडं ये. रातचं दारं धरायला दोन मानसं असली की बरं पडतं. येकानं पानी वळवायचं, येकानं बॅटरी धरायची.

क्रांती